अ अल्पाकाचा

अरमाननं वहीत लिहिलं : अ अल्पाकाचा.
बाईंनी खोडलं. अननसाचा, म्हणाल्या.
तो म्हणाला, अननस मी खाल्लाय,
त्यात काय एवढं?

झालं, एवढंच कारण.
बाकी सगळं माझ्या जुन्या ऑम्नीनं
आणि तीन आठवड्यांच्या लायसननं केलं.

असळजच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी,
कुणी तीन अल्पाका आणून पाळल्यात म्हणे.
पेपरात नव्हतं आलं.
पण रुक्सानाच्या दुकानात
ब्लाऊजच्या मापासोबत बातमीही घेतात,
आणि ती सहसा सैल नसते.

रुक्साना पुढं, मांडीवर अंडापोळीचा डबा.
मागं तिचा अरमान, आणि पट्टणकोडोलीचे भरमूमामा,
साठ वर्षं मेंढरांमागं चाललेले,
घोंगड्यांवर म्हातारे झालेले.
"परदेशी मेंढरू हाय न्हवं? येतो की.
नावं ठेवायला तरी कुणीतरी पायजे."

फुलेवाडीत गाडी तीनदा बंद पडली.
मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देईना,
त्याचं आपलं गाणं चालू,
आणि दोन ट्रॉल्या मागं कंबर हलवत उभ्या.
"अगं ताई, क्लच हाय तो," मामा म्हणाले,
"झुरळ न्हवं."

बालिंग्याचा पूल मी श्वास धरून पार केला.
भोगावतीनं बघितलं असेल, बोलली नाही.

कळ्यात मिसळ. कटासाठी दोनदा वाटी पुढं.
तिसरा पाव संपवून मामांनी विचारलं,
"खातंय काय ते?"
"गवत."
"मग आपलंच हाय."
"मामा, ते थुंकतं पण!" अरमान.
"मग तर लईच आपलं."

साळवणनंतर वळणं सुरू झाली
आणि रुक्सानाची दुआ पण,
आधी मनात, मग मोठ्यानं.

पोचलो. फाटक. पाटी :
चपला चालतील, कुत्री नाहीत.
आणि आत तिघं उभे,
कालच भादरलेले.
मान तेवढी लांब, अंग म्हणजे पिळलेला टॉवेल,
डोक्यावर मात्र झुपका शाबूत,
निरोप समारंभाला आलेल्या दहावीच्या पोरांसारखा.

अरमाननं घरून चित्र काढून आणलं होतं.
चित्रात ढग होता.
समोर ढगाच्या काड्या.
त्यानं कागद हळूच घडी करून खिशात घातला.
कुणी काही बोललं नाही.

मग त्यातल्या एकानं आवाज काढला, हम्म्म,
बंद दाराआड कुणी गुणगुणावं तसा.
मामा पुढं गेले.
नावं ठेवायला आलेला माणूस,
मानेवर हात ठेवून म्हणाला, हम्म्म.
तो म्हणाला, हम्म्म.
दोघांचं बरंच बोलणं झालं.
आम्हाला त्यातलं कळण्यासारखं नव्हतं.

"ह्याचं नाव काय?" अरमाननं राखणदाराला विचारलं.
"पेरू. आणि ती चिंगी. पलीकडचा सरपंच."
सरपंचानं तेवढ्यात माझ्याकडं बघितलं,
कान मागं घेतले,
आणि माझ्या नव्या ड्रेसवर ठराव मंजूर केला.
हिरवा. एकमतानं.
रुक्साना इतकी हसली की डबा खाली पडला,
आणि पोरगं पण हसलं, पहिल्यांदा.

परतीला मामांच्या मुठीत ओंजळभर लोकर,
मागून घेतलेली.
कोपरीच्या खिशातून चाती निघाली.
खड्ड्यात धागा तुटायचा, ते जोडायचे,
तुटायचा, जोडायचे.
"पावसात टिकायचं न्हाई हे," मामा म्हणाले.
"घोंगडं ते घोंगडं."
कळं गेलं. बालिंगं गेलं.
रंकाळ्यावर दिवे लागले तेव्हा
मागून आवाज आला,
"पर मऊ हाय लई."

सोमवारी वहीत तोच धागा,
डिंकानं चिकटवलेला, वाकडातिकडा अ.
बाईंनी खोडायला पेन उचललं म्हणे,
आणि मग बोटच फिरवत बसल्या.

ड्रेस तीनदा धुतला. डाग आहे.
रुक्साना म्हणते, राहू दे,
त्याच्यावर एक खिसा शिवून देते.